आपलेच दात, आपलेच ओठ

मराठी शिकवणाऱ्याला म्हणींचा मोठा आधार असतो. बाहेर पाऊस लागला आहे, निम्मी डोकी बाकावर टेकली आहेत, पुस्तकातला धडा संपून तास उरला आहे, अशा वेळी फळ्यावर एखादी म्हण लिहावी आणि ‘वाक्यात उपयोग करा’ असे सांगून खुर्चीत बसावे. महाविद्यालयात येण्यापूर्वी मी काही वर्षे शाळेत होते, तेव्हा हा आधार मी पुष्कळदा घेतला आहे. पण गेल्या पावसाळ्यात करंजाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीच्या मुलांपुढे चार म्हणी लिहिल्या आणि त्यांनी माझे पाच शनिवार घेतले.

म्हणी अगदी साध्या, घरोघरच्या. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार.’ ‘आपलेच दात, आपलेच ओठ.’ ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ आणि चौथी, ‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची?’ पहिल्या तिन्ही व्याकरणाच्या पुस्तकांत सापडतात. चौथी माझी आजी म्हणत असे, आणि तीही छत्री विसरून भिजून घरी आल्यावर, हसत. त्या म्हणीतल्या पावसाकडेच आम्हां सगळ्यांचे लक्ष असे. नवऱ्याकडे कोणी पाहत नसे.

शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. कौटुंबिक हिंसाचार आणि मानवी तस्करी या विषयांवर मुलांशी बोलायला त्यांना कोणीतरी हवे होते. एका वकीलबाईंना विचारले, त्यांना जमेना. मग माझी आठवण झाली. मी म्हटले, “अहो, मी मराठीची प्राध्यापिका. मला कायद्यातले काय कळते?” त्या म्हणाल्या, “कायदा वाचता येईल. मुलांशी बोलायला कोणी मिळत नाही.” महाविद्यालयात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक वडीलधारे सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “कोवळ्या मुलांच्या डोक्यात हे कशाला भरता? ज्यांच्या घरी नाही त्यांनाही संशय येऊ लागेल.” सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्या म्हणण्यातला ‘ज्यांच्या घरी नाही’ हा शब्दप्रयोग मात्र माझ्या मनात राहिला. म्हणजे ज्यांच्या घरी आहे, ती मुले वर्गात बसलेली असतात, हे त्यांनाही ठाऊक होते.

करंजाडे पुष्कळ वाचकांनी पाहिलेले नसेल. पनवेल स्टेशनवर उतरून रिक्षा केली की थोड्याच वेळात ही वसाहत लागते. सिडकोने आखलेले रस्ते, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या नव्या इमारती, खाली भाजीवाले, मोबाइल दुरुस्तीची दुकाने, आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. एका अंगाला जुने गाव आहे. नव्या विमानतळासाठी ज्यांना आपली गावे सोडावी लागली, त्यांतली काही कुटुंबे इथे येऊन राहिली. तो विमानतळ २०२५ साली सुरूही झाला. साताऱ्या-सांगलीकडची माणसे आहेत, कोकणातली आहेत, उत्तरेकडून आलेली आहेत. कोणाचेच इथे तीन पिढ्यांचे शेजार नाहीत. भिंती मात्र पातळ आहेत. पलीकडच्या घरातला कुकर किती शिट्ट्या देतो तेही अलीकडे कळते.

पहिल्या शनिवारी मी विषयाचे नावही घेतले नाही. म्हणी लिहिल्या आणि वाक्ये करायला सांगितली. एका मुलाने लिहिले की पावसामुळे सामना रद्द झाल्याने त्यांच्या संघाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसला. एकाने शिक्षकांवर वाक्य केले आणि वही लपवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीचे वाक्य असे होते : “मामी रात्री ओरडत नाही, कारण खालच्या मजल्यावर ऐकू जाईल, तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे.” म्हणीचा इतका अचूक उपयोग एम.ए.च्या उत्तरपत्रिकेतही क्वचितच वाचायला मिळतो. मी बरोबरची खूण केली आणि वही तिच्याकडे परत दिली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या शनिवारी मी विचारले, “हिंसाचार म्हणजे काय?” भराभर हात वर झाले. दंगल. बॉम्बस्फोट. जाळपोळ. बस फोडणे. “घरात हिंसाचार असतो का?” वर्ग शांत. एक मुलगा म्हणाला, “घरात नाही मॅडम. घरात भांडण असतं.”

मग मी खडू घेतला आणि घरात जे असते त्याला घरात काय म्हणतात ते सांगा म्हटले. सुरुवातीला संकोच होता. पण शब्द सांगायला कोणाचे नाव सांगावे लागत नाही, हे लक्षात आल्यावर फळा भरला. कटकट झाली. वाजलं. आवाज चढला. हात उठला. दोन बसल्या. डोकं फिरलं. पारा चढला. भांड्याला भांडे लागले. घरची गोष्ट.

मी फळ्यापासून मागे सरकून ते सगळे वाचले आणि वीस वर्षांत जे कधी नजरेस आले नव्हते ते दिसले. त्या साऱ्या वाक्यांत मारणारा माणूसच नव्हता. हात उठतो, जणू खिडकीचे दार वाऱ्याने उघडावे तसा आपणहून उठतो. डोके फिरते, पारा चढतो, दोन बसतात. भांड्याला भांडे लागते, म्हणजे दोन्ही भांडी सारखीच. आपल्या भाषेला मी कमी लेखते आहे असे नाही. दुसऱ्या भाषांतही अशा वाटा असतीलच. पण कर्ता ओळखा, कर्म ओळखा हे ज्या मुलांना पाचवीपासून शिकवले, त्यांना घरात आल्याबरोबर कर्ता नसलेली मराठी बोलायला आपणच शिकवतो.

तेव्हा मी व्याकरणाचाच प्रश्न घातला. या प्रत्येक वाक्यात कर्ता घालून ते पुन्हा लिहा. नाव नको, ‘नवऱ्याने’, ‘सासूने’, ‘मुलाने’, ‘भावाने’ एवढे पुरे. दहा मिनिटे वर्गात केवळ पेनांचा आवाज होता. “नवऱ्याने बायकोच्या कानाखाली मारली.” “भावाने बहिणीचा फोन फोडला.” “सासूने सुनेला दोन दिवस जेवायला दिले नाही.” “मुलाने आईची पेन्शन काढून घेतली.” हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्या मुलाने उभे राहून विचारले, “मॅडम, पेन्शन घेणं यात येतं का? त्यात मार नाही.”

येते. २००५ साली आपल्या संसदेने घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, वाचिक-मानसिक आणि आर्थिक असा चारही प्रकारचा छळ सांगितला आहे. तो नुसता बायकोपुरता नाही. एका घरात राहणारी बहीण, आई, मुलगी, विधवा भावजय यांनाही त्याचे संरक्षण आहे. आणि छळणारा पुरुषच असला पाहिजे असेही आता नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द त्यातून काढून टाकले. मी हे सांगत असता मुले लिहून घेत होती. परीक्षेला नाही असे सांगूनही लिहून घेत होती.

आकडेही विचारले गेले. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात साधारण चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून मारहाण वा तसा छळ झाल्याचे सांगितले आहे. पुढचा हिशेब मी केला नाही. तो मुलांनी आपापसांत केला. वर्गात अठ्ठेचाळीस मुले होती.

यानंतर जो प्रश्न आला, तो मला अपेक्षित होता, पण इतका लवकर नाही. दहावीतला एक उंच मुलगा, ज्याने आतापर्यंत तोंड उघडले नव्हते, म्हणाला, “पोलिसांत गेलं तर बाबांना आत टाकतील. मग भाडं कोण भरणार?” आधी ‘बाबा’ म्हणाला आणि मग चटकन ‘म्हणजे कोणाचेही बाबा’ अशी दुरुस्ती केली.

वाचकहो, आपण मोठी माणसे ज्याला अब्रूचा प्रश्न म्हणतो तो मुलांच्या लेखी भाड्याचा प्रश्न असतो. या कायद्याची घडण मला आवडते ती यामुळे, की ती करणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकलेला दिसतो. बाईने अर्ज केला म्हणून नवऱ्याला लगेच तुरुंग होत नाही. मॅजिस्ट्रेट हुकूम देतो : मारू नकोस, तिला घराबाहेर काढू नकोस, खर्चाला पैसे दे, मुले तिच्याजवळ राहतील. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल व्हावा असे लिहिलेले आहे. होत नाही ते निराळे, आपली न्यायालये मी पाहिली आहेत. तुरुंगाची भाषा येते ती संरक्षणाचा हुकूम मोडल्यावर : एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छळ भयंकर असेल तर फौजदारीची वाट वेगळी आहेच. पण मधली वाट आहे, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, आणि त्याच्या घरातही कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. तो खाली बसला. “म्हणजे बाबांना घरात ठेवून सांगता येतं,” असे शेजाऱ्याला म्हणाला.

एका मुलीने उलट बाजूने विचारले, “आणि तिलाच राहायचं नसेल तर?” तेव्हा मी डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगितली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. ती विलायतेला गेली, डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर रुग्णसेवा केली. तिचा झगडा घरात न जाण्याच्या हक्काचा होता. आजच्या बाईचा पुष्कळदा घरात राहण्याच्या हक्काचा असतो. दोन्ही हक्क मिळायला किती वर्षे लागली ती मुलांनी वजाबाकी करून काढली.

मानवी तस्करीच्या शनिवारची सुरुवात हसण्याने झाली. पोलिसांमध्ये या कामासाठी जो विभाग असतो त्याचे सरकारी नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’. मी ते फळ्यावर लिहिले आणि अर्थ विचारला. एकजण म्हणाला, “हेल्मेट नसलं तर पकडतात ते.” दुसरा म्हणाला, “रिक्षात चारच्या जागी सहा माणसं बसवली तर.” सगळा वर्ग हसला, मीही हसले. ट्रॅफिकिंग या शब्दाचे कोणीतरी कचेरीत बसून ‘वाहतूक’ केले आणि शब्दाचा जीव गेला. ‘तस्करी’ म्हटले तर मुलांना सोन्याची बिस्किटे आणि चंदनाचे ओंडके दिसतात. सिनेमांमुळे एक काळी गाडी, तोंडावर रुमाल, बेशुद्ध मुलगी असेही चित्र असते. त्यामुळे आपण गाडीत बसलो नाही, रुमाल टाळला, की सुटलो, अशी समजूत.

मौज अशी की, जुन्या मराठीला यासाठी शब्दांची कमतरता नव्हती. पेशवाईत बायकांची खरेदी-विक्री होई. त्यांना ‘कुणबिणी’ आणि ‘बटकी’ म्हणत. फुकट राबवण्याला ‘वेठ’ होती. आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून ठेवण्याला ‘उचल’ आहे, आजही आहे. आणि बापाने पैसे घेऊन मुलगी देण्याला ‘कन्याविक्रय’ असा लखलखीत शब्द आहे, ज्यात विकण्याची गोष्ट लपलेली नाही. माझ्या विषयात मी इथे घरी आले. मुलांना मी देवलांचे ‘संगीत शारदा’ सांगितले.

१८९९ सालचे हे नाटक आपण म्हाताऱ्याच्या लग्नहौसेची थट्टा म्हणून पाहतो, पदे गुणगुणतो आणि घरी जातो. मुलांना मी पदे बाजूला ठेवून व्यवहार सांगितला. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ हा गिऱ्हाईक. कांचनभट हा बाप, पैशाला भुललेला. भद्रेश्वर दीक्षित हा मधला, दोन्हीकडे गोड बोलणारा, स्थळ ‘जमवून देणारा’. आई रडते, पण तिला विचारीत नाहीत. शारदेला तर नाहीच. मुलांनी एका दमात ओळखले, “मॅडम, तो दीक्षित एजंट आहे!” आमच्या अभ्यासमंडळाने या नाटकावर जे परिसंवाद घेतले त्यांत हे वाक्य इतक्या स्वच्छपणे कोणी उच्चारले नाही.

पण मला त्यांना दाखवायचे होते ते शेवटचे. लग्न मोडते कशावर? वर आणि वधू एका गोत्राची निघतात यावर. पैसे घेऊन मुलगी विकली म्हणून नव्हे. त्या काळी नाटककाराला मुलगी सोडवायला दुसरा भक्कम आधार सापडणे कठीण होते. (शारदेवरून आठवले : १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणत, आणि आपल्यातल्या अनेकांना तो या नाटकावरून पडलेला वाटतो. तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून पडला. चूक गोड आहे, म्हणून मी ती वर्गात दोन मिनिटे तशीच राहू दिली आणि मग सांगितली.) आज आधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे १४३वे कलम मी मुलांना क्रियापदांनी शिकवले. शोषणासाठी, जबरीने, फसवून, आमिष दाखवून, किंवा ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याला पैसे चारून, जो कोणी माणसाला भरती करतो, नेतो, ठेवून घेतो, हवाली करतो किंवा स्वीकारतो, तो गुन्हेगार. पाच क्रियापदे, पाचांनाही कर्ता. आणि ‘ती आपण होऊन गेली’ याला त्या कलमात किंमत नाही. जिला फसवले तिची संमती विचारात घ्यायचीच नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

“पण आता असं कुठे होतं?” एका मुलीने विचारले. तिच्या वडिलांचे पनवेलला दुकान आहे. घर चांगले, प्रश्न प्रामाणिक.

मी तिला इगतपुरीची हकीकत सांगितली. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात दहा वर्षांची एक कातकरी मुलगी मरणासन्न स्थितीत घरी आणून टाकली गेली आणि दगावली, तेव्हा या प्रकाराला वाचा फुटली. पाड्यांवरची लहान मुले अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मेंढपाळांकडे मेंढ्या राखायला दिली गेली होती. मोबदला काय? थोडेसे रुपये आणि एखादी मेंढी. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण धसास लावले, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले, मुले परत आणली गेली. काळी गाडी नव्हती, रुमाल नव्हता. ‘पोराला कामाला लावलं’ एवढेच वाक्य होते. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, त्यानंतरची ही छेचाळीस वर्षे.

कातकरी हे नाव ऐकल्यावर वर्गातली दोन-तीन मुले चुळबुळली. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. रायगड जिल्ह्यात त्यांच्या वाड्या जागोजाग आहेत. दिवाळी सरली की ती कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि वर्गातल्या हजेरीपटावर लाल रेघा पडू लागतात. एक मुलगा म्हणाला, “आमच्या सातवीच्या वर्गातला एक गेला होता भट्टीवर. परत आलाच नाही.” शिक्षकांनी काय केले, असे मी विचारले नाही. तो म्हणाला, “आम्हांला वाटलं, शाळा सोडली.”

मुलग्यांना हा विषय मुलींचा वाटत होता, तो गैरसमज एका बातमीने दूर झाला. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी, पगार मोठा, तिकीट कंपनीचे, अशा जाहिराती फोनवर येतात. पोहोचल्यावर पारपत्र काढून घेतात आणि म्यानमारमधल्या कुंपणाआड लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपतात. २०२५च्या मार्च महिन्यात अशा पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. शिकलेली मुले होती. हे ऐकून तो क्रिकेटवाला म्हणाला, “माझ्या भावाला असा मेसेज आलाय.” मग तासाचा उरलेला वेळ त्या मेसेजवर गेला. कंपनीचे नाव काय, पत्ता काय, व्हिसा कसला, तिकिटाचे पैसे कोण देतो आणि का देतो. मी फक्त खडू धरून उभी होते.

या तासांमध्ये मी एक नियम पहिल्यापासून पाळला. कोणी मूल एकांतात येऊन ‘कोणाला सांगू नका हं’ म्हणाले, तर मी तसे वचन देत नाही. वर्गाला आधीच सांगून ठेवते, की ऐकेन सगळे, पण कोणाला धोका असेल तर ज्यांना सांगायला हवे त्यांना सांगेन. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२च्या कायद्याने कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच केले आहे. असे आधी सांगितले तर मुले बोलणार नाहीत, असे मला पुष्कळांनी बजावले होते. चौथ्या शनिवारी ती मागच्या बाकावरची मुलगी थांबली.

मामीबद्दल असेल असे मला वाटले. ते नव्हते. तिच्या मावशीची मुलगी गावी असते, माणगावच्या बाजूला, वय सोळा. गुजरातेतले स्थळ आले होते. मुलाकडचे हुंडा मागत नव्हते, उलट लग्नाचा सगळा खर्च करणार होते आणि मावशीच्या नवऱ्याला वर पन्नास हजार देणार होते. कर्ज फिटणार होते. घरात सगळे म्हणत होते, पोरीने नशीब काढले. “मॅडम, मधे एक काका आहेत,” ती म्हणाली, “त्यांनी मागल्या वर्षी अजून दोघींची लग्नं लावली. त्या दिवाळीला आल्या नाहीत.” थोडे थांबून तिने हळूच विचारले, “दीक्षित आहे ना तो?”

मी तिला बसवले. प्रथम तिच्या आईला बोलावून घेतले. आई भांडीधुणी करणारी, कामावरून तशीच आलेली. ऐकून घाबरली, मग रागावली, आधी मुलीवर. “घरचं बाहेर सांगतेस?” नंतर पदराने तोंड पुसून म्हणाली, “मला पण वाटलं होतं. पण बहिणीच्या संसारात मी काय बोलू?” तेच ते. आपलेच दात, आपलेच ओठ. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिने स्वतःच्या फोनवरून लावला. मी शेजारी होते. नाव सांगितले नाही तरी चालते हे कळल्यावर तिचा आवाज सुधारला. गावपातळीवर बालविवाह थांबवण्याचे अधिकार ग्रामसेवकाला दिलेले आहेत. त्यालाही खबर गेली.

लग्न त्या तिथीला झाले नाही. एवढे मला माहीत आहे. मावशी या घराशी बोलत नाही, हेही माहीत आहे. तो मधला काका गावात नाही, कुठे आहे ते पोलीस शोधताहेत म्हणतात. मुलगी अकरावीला जाणार की नाही याचा निकाल अजून लागलेला नाही. कर्ज तर आहे तिथेच आहे. आमच्या विद्यार्थिनीशी तिची आई चार दिवस धड बोलली नाही, मग बोलू लागली. मामीचे काय, ते मी नंतर विचारले. “तिला तो नंबर लिहून दिलाय, १८१. डाळीच्या डब्यात ठेवलाय,” मुलगी म्हणाली.

पाचवा शनिवार पालकांसाठी ठेवला होता. मुख्याध्यापिकांनी चहा सांगितला होता. चाळीस कप आले आणि माणसे चौदा. अकरा आया, दोन वडील, आणि एक आजी, जुन्या आगरी घरातली, नाकात नथ, नातवाचा हात धरून आलेली. वडिलांपैकी एकाने, मुलांना हे शिकवल्याने ती आईबापांना उलट बोलतील, अशी शंका काढली. दुसऱ्याने त्याला उत्तर दिले, मला द्यावे लागले नाही. मी कायद्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगितली. घरात छळ होतो आहे असे सद्भावनेने वाटणारा कोणीही, शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि त्यासाठी त्याच्यावर दावा चालत नाही. २००८ साली ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम आली होती, शेजारच्या दारावरची घंटा वाजवून नुसते दूध मागा, तेवढ्याने उठलेला हात खाली येतो, असे सांगणारी. “आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवतात,” एक बाई म्हणाली आणि बाकीच्या खाली पाहू लागल्या.

चहा झाला, लोक पांगले. आजी मात्र बसून होत्या. नातवाला त्यांनी बाहेर पाठवले आणि मला जवळ बोलावले.

“त्या अर्जाला सही लागंल का गो बाय?”

मी म्हटले, “लागते. पण अर्ज तुम्हांला लिहायचा नाही. तुम्ही सांगायचे, संरक्षण अधिकारी लिहून घेतो.”

“मला लिवता येत नाय. अंगठा चालंल?”

“चालेल की.”

आजींनी आपला उजवा अंगठा थोडा वेळ पाहिला. “येकदा घेतलाय त्यांनी. पलाटाच्या कागदावं,” त्या म्हणाल्या. कोणी, ते मी विचारले. बाहेर नातू चेंडू भिंतीवर आपटत होता. आजींनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “थोरल्यानं.”

मी वहीतला कागद फाडला आणि पनवेलच्या कचेरीचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला, म्हणजे रिक्षावाल्याला दाखवता येईल.